शब्दाला उभे राहणे

“व्हॉल्व्हचा मुद्दा आपण सध्या पार्क करूया,” पडद्यावरचे दामले म्हणाले, आणि टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकानेही मान वर केली नाही.

मी केली. भिंतीवरच्या त्या मोठ्या पडद्यावर दामल्यांच्या चेहऱ्याशेजारी आमच्या मशीनरूमचे छायाचित्र होते. सगळे नव्याने रंगवलेले. पंप निळे, पाइप हिरवे, आणि अमोनियाच्या टाकीच्या डोक्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पिवळाधमक, नवरदेवाला हळद लावावी तसा.

“पार्क म्हणजे कुठे?” मी विचारले.

माझी नात ऋजुता शेजारी बसली होती. तिने टेबलाखाली माझ्या हातावर हात ठेवला. “आजी, म्हणजे तो विषय नंतर घेऊ, एवढंच.”

“आणि मशीन कधी सुरू होणार?”

“उद्या सकाळी. गो-लाइव्ह उद्याच आहे.”

“म्हणजे मशीन आधी आणि व्हॉल्व्ह नंतर.”

दामले हसले. पुण्यात बसून ते आमच्याशी बोलत. सभ्य मनुष्य होते, माझ्याशी नेहमी आदराने वागत. आमच्या व्यवसायात ज्यांनी भांडवल घातले होते त्यांनी त्यांना आमच्यावर नेमले होते. ते म्हणाले, “आक्का, तुमचा पॉइंट व्हॅलिड आहे. आम्ही तो नोट केलाय. आपण ऑफलाइन बोलू.”

ते ऑफलाइन बोलणे कधी होत नसे, हे एव्हाना मला ठाऊक झाले होते.

तासगावच्या रस्त्याला आमचे बेदाण्याचे कोल्ड स्टोअरेज आहे. फेब्रुवारीत वाळवणीच्या शेडवरचा नवा बेदाणा येऊ लागतो, तो थंड कोठ्यांत ठेवायचा आणि वर्षभर निवडून विकायचा, हा धंदा. जुना माल संपला की जानेवारीत मशीन बंद होते, दुरुस्ती होते, आणि नव्या हंगामाला ते पुन्हा सुरू करतात. कोठ्या थंड होतात त्या अमोनिया वायूने. हा वायू टाकीत आणि पाइपांत कोंडलेला असतो. दाब वाढला तर सेफ्टी व्हॉल्व्हने आपण होऊन उघडावे आणि वायू छपराच्या वरून आकाशात सोडावा, अशी योजना असते. तो उघडला नाही तर वायू आपली वाट आपण शोधतो. मशीनरूमच्या भिंतीला लागूनच बेदाणा निवडायचा हॉल आहे. तिथे शंभरावर बायका मांडी घालून बसलेल्या असतात.

यंत्रातले मला फार कळत नाही आणि कळते असा आव मी कधी आणला नाही. परंतु हा धंदा माझ्या यजमानांनी आणि मी उभा केला. त्यांच्यामागे खुर्ची मी सांभाळली, आणि गुडघ्यांनी ऐकणे सोडले तेव्हा ती भरतेशच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, स्वाधीन केली. भरतेशने त्यातले बरेचसे ऋजुताच्या. ती बंगळूरला चार वर्षे मोठ्या कंपनीत होती. हुशार, कष्टाळू, आजोबांसारखी कपाळाला आठी घालून काम करणारी. दामल्यांनी आणलेली ही भाषा तिला आधीच येत होती. म्हणून बाकीचे अडखळत आणि ती धावत असे.

रोज सकाळी दहाला ही सभा भरे. तिला हडल म्हणत. पडद्यावर कामांची यादी, म्हणजे ट्रॅकर, येई आणि प्रत्येक कामापुढे दिव्याचा रंग: हिरवा, अर्धवट कामाचा पिवळट अँबर, लाल. लाल रंग मी सबंध वर्षात पाहिला नाही. ज्याचे काम राहिले त्याला बँडविड्थ नसे. जे करायचे नसे ते पार्क होई. एखादी गोष्ट बिघडली तर ती बिघडली असे कोणी म्हणत नसे, तिथे लर्निंग असे. एकदा मी भरतेशला विचारले होते, बँडविड्थ नाही म्हणजे सवडच नाही ना? तो हो म्हणाला. मग सवड नाही असे म्हणायला लाज वाटते का, असे विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, “आई, सवड नाही म्हटलं की माणूस आळशी वाटतो.”

ही भाषा हॉलमधल्या बायकांपर्यंतही पोहोचली होती. निवडणाऱ्यांची मुकादम मालन सुतार हिच्या जिभेला हाड नव्हते. ती चहाच्या वेळी पाय पसरून म्हणे, “माझी बँडविड्थ संपली गं बायांनो, आता बेदाणा पार्क करा.” सगळ्या हसत. मीही हसले आहे.

त्या दिवशी मात्र मला हसू आले नाही. मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींना भ्याले. अमोनियाला मी भिते. त्या पिवळ्या व्हॉल्व्हकडे पाहताना माझ्या घशात जुनी आग उठली आणि डोळ्यांना पाणी आले. खोलीत अर्थात कसलाही वास नव्हता.

“हा व्हॉल्व्ह कोणी हाताने पाहिला आहे?” मी विचारले.

देखभालीचे काम पाहणारा मुलगा म्हणाला की व्हेंडरला लूपमध्ये घेतले आहे. हिशेबाचे गृहस्थ म्हणाले की त्याची ऑर्डर प्रोसेसमध्ये आहे. ऋजुता म्हणाली की ट्रॅकरवर तो अँबर आहे, पण क्रिटिकल नाही, कारण बाकीची चेकलिस्ट हिरवी आहे. प्रत्येकाने उत्तर दिले आणि उत्तर मिळाले नाही. कामे होत होती, चालू होती, पुढे सरकत होती. ती करणारा माणूस मात्र मला कुठे दिसेना.

“बरे,” मी म्हणाले. “मग उद्या शब्दाला कोण उभे राहणार?”

आता सगळ्यांनी माना वर केल्या.

आमच्याकडे एक रीत होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी मशीन सुरू होण्यापूर्वी हॉल रिकामा असे, बायका बाहेर पटांगणात थांबत. ‘मशीन ठीक आहे’ असे ज्याने सांगितले, त्याने गळ्याभोवती ओले उपरणे गुंडाळून मशीनरूममध्ये टाकीशेजारी उभे राहायचे. ओल्या कापडात अमोनिया काही काळ अडतो, म्हणून उपरणे. ऑपरेटरने विचारायचे, “शब्द कोणाचा?” त्याने स्वतःचे नाव घेऊन सांगायचे, “माझा.” मग बटण दाबायचे, आणि दाब स्थिर होईपर्यंत त्याने तिथून हलायचे नाही. तो चालत बाहेर आला की बायका आत जात. पुढे कोणीतरी त्याला नारळाची जोड दिली, हळदीकुंकू आले, पेढे आले, आणि नव्या लोकांना तो एक पूजेचा प्रकार वाटू लागला. दामल्यांनी आदल्या वर्षीच तो बंद केला होता. त्यात बायकांचा अर्धा दिवस जातो, असे त्यांचे म्हणणे.

“ती प्रॅक्टिस आपण स्ट्रीमलाइन केली ना, आक्का,” दामले म्हणाले. “आता साइन-ऑफ ऑनलाइन होतो. मी इथून अप्रूव्ह करतो.”

“सही कुठूनही होते, दामले. उभे राहायला जागेवर यावे लागते. तुम्ही उद्या सकाळपर्यंत पुण्याहून येऊ शकाल. गाडी पाठवू का?”

खोटे कशाला सांगू, तो नेम मी त्यांच्यावरच धरला होता. टाकीशेजारी उभे राहायचे म्हटल्यावर हा मनुष्य व्हॉल्व्ह आधी बदलून घेईल, असा माझा हिशेब होता.

दामल्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. “मी आलो असतो, पण हे माझ्या बकेटमध्ये येत नाही. प्लांट रेडिनेसची ओनरशिप ऋजुताची आहे.”

इतक्या सहज, इतक्या सौजन्याने, पाण्याचा पेला पुढे सरकवावा तसा तो धोका त्या माणसाने माझ्या नातीपुढे सरकवला. ऋजुता ताठ बसली. सगळे तिच्याकडे पाहत होते.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मी उभी राहते. त्यात काय एवढं?”

सभा संपल्यावर भरतेश माझ्यामागे व्हरांड्यात आला. घाम पुसत होता. म्हणाला, “आई, तुम्ही नियम मागे घ्या.”

“तू मशीन दोन दिवस पुढे ढकल.”

ते त्याच्या हातात नव्हते. फाटकाबाहेर बेदाण्याच्या गाड्या लागल्या होत्या, ऊन वाढत होते, बाहेरच्या व्यापाऱ्यांना तारीख दिलेली होती, आणि तारीख बदलायला पुण्याची संमती लागत होती. हे सगळे त्याने मला सांगितले आणि ते सगळे खरे होते. दुपारभर तो फोनवर पुण्याशी बोलत राहिला. संमती आली नाही, डिपेन्डन्सीजची एक यादी आली.

“मग मी उभा राहतो तिच्या जागी,” तो शेवटी म्हणाला.

“तू शब्द दिला आहेस का?”

त्याने फोन खिशात टाकला.

“ज्याचा शब्द त्यानेच उभे राहायचे, भरतेश. बाप उभा राहायचा असता तर नियमाची गरज काय होती? आज मी माझ्या नातीसाठी तो पुसला, तर उद्या भिंतीपलीकडे कोणाच्या लेकी बसणार आहेत?”

हे मी फार ठामपणे म्हणाले. तो गेल्यावर मात्र मी त्याच्यामागे दोन पावले गेले आणि परत फिरले.

संध्याकाळी मालन फाटकाशी भेटली. बायकांना उद्या थोडे उशिरा या, आधी पटांगणात थांबा, असे मी सांगितले. ती पदर खोचत म्हणाली, “आक्का, आमास्नी कुणी काय सांगत न्हाई. नुसतं गो-लाईव्ह हाय, गो-लाईव्ह हाय म्हंत्यात. जगायचं का मरायचं, तेवढं सांगा म्हंजे झालं.”

“उद्या ऋजुता शब्दाला उभी राहणार आहे.”

मालनची चेष्टा ओठांवरच राहिली. “ताई? एकटी?” तिने विचारले, आणि मग माझ्याबरोबर मोटारीपर्यंत चालत आली. असे ती कधी करत नसे.

आमच्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. सुनेने ताट वाढले, मी पाटावर बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात राहिला. खिडकीबाहेर उजेड उतरत गेला. समोर ऋजुता नेहमीसारखी जेवत होती आणि डाव्या हाताने फोनवर उत्तरे देत होती. तिला मी सांगू शकले असते. भीती म्हणजे काय, त्या वायूने काय होते, डोळ्यांचे काय होते, हे शब्दाशब्दाने सांगू शकले असते. परंतु घाबरवून मागे घेतलेला शब्द हा शब्द नव्हे. तो तिने स्वतः पारखायला हवा होता, आणि त्यासाठी मला तिला त्या दारापर्यंत जाऊ द्यावे लागणार होते. सूर्य मावळला. मी ताट बाजूला सारले.

“आजी, तुम्ही उगाच टेन्शन घेता,” ती आपणहून म्हणाली. “रिस्क लो आहे. मी मॅट्रिक्स पाहिलंय.”

“बरे, बाळ,” मी म्हणाले.

सकाळी पटांगण भरले होते. बायका निंबाच्या सावलीत बसल्या होत्या आणि इतक्या बायका असून बोलणे ऐकू येत नव्हते. मी हौदाशी उभी राहिले आणि यजमानांचे जुने उपरणे पाण्यात बुडवले. ते पिळायचे नसते. निथळत्या उपरण्याचे दोन वेढे मी ऋजुताच्या गळ्याभोवती दिले आणि एक टोक नाकापर्यंत वर येईल असे मोकळे ठेवले. तिचा सदरा खांद्यावर भिजला. ती हसत म्हणाली, “गार आहे.” मग माझ्या बोटांकडे तिचे लक्ष गेले. ती बोटे थरथरत होती, आणि ती मला लपवता आली नाहीत.

तिने माझे थरथरणे त्याआधी कधी पाहिले नव्हते. तिचे हसू हळूहळू मावळले.

ती आत गेली. ऑपरेटर इलाही मुजावर आधीच आत होता. मी एक क्षण दाराशी थांबले. भरतेश “आई, नको,” म्हणत पुढे आला. त्याला मी नुसता हात वर करून थांबवले आणि आत गेले. नियमाप्रमाणे आत शब्दाचा माणूस आणि ऑपरेटर एवढेच असायला हवेत. त्या दिवशी मी तेवढा नियम मोडला. माझ्या गळ्याला उपरणे नव्हते, ते एकच होते.

मशीनरूममध्ये ताज्या रंगाचा वास कोंदला होता. छायाचित्रात जे सुंदर दिसत होते ते जवळून फार मोठे आणि फार मुके दिसत होते. इलाहीने आधी वायू गार करणाऱ्या पाण्याचा पंप सुरू केला. भिंतीमागे धाडकन काहीतरी आदळल्यासारखा आवाज झाला आणि छतावरच्या पाइपांतून पाणी कोसळू लागले. ते नेहमीचेच होते. तरीही ऋजुता दचकून मागे सरली, तिची पाठ माझ्या खांद्याला लागली, आणि तिच्या पाठीतून तिचे काळीज मला ऐकू आले.

दाराबाहेर ऊन होते. दाराशी पोहोचायला किती वेळ लागेल याचा विचार मी केला, आणि माझ्या गुडघ्यांनी ते मला जमणार नाही हे मला कळले. तिला जमले असते. ती मला सोडून गेली असती का, हा प्रश्न मी मनातल्या मनात तिथेच मिटवला.

इलाहीने बटणावर हात ठेवला. तो पन्नाशीचा, अबोल मनुष्य. त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता.

“शब्द कुणाचा?” त्याने विचारले.

“चेकलिस्ट ग्रीन आहे,” ऋजुता म्हणाली.

“ते न्हाई, ताई. शब्द.”

“म्हणजे, सिस्टीमवर अप्रूव्हल आलंय. काल संध्याकाळीच...”

इलाही तिच्याकडे पाहत होता. हात बटणावर तसाच. पाणी कोसळत होते. ऋजुताने तोंड उघडले, तिला ‘माझा’ एवढेच म्हणायचे होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही. मदत करायची इच्छा झाली की दुसरीकडे पाहावे, हे मी मुलांना चालायला शिकवताना शिकले आहे. मी टाकीकडे पाहत राहिले. मग तीही टाकीकडे पाहू लागली, वर, त्या पिवळ्या व्हॉल्व्हकडे.

“इलाहीभाऊ,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता, “हा रंगवायला खाली काढला होता का?”

“न्हाई. जाग्यावरच रंगवला. वरनं दोन हात मारलं.”

“मग आतून कोणी पाहिलाच नाही?”

“कोण बघणार? कुणीच न्हाई.”

“तुम्ही सांगितलं का नाही?”

इलाहीने मोकळ्या हाताने कानशिलावरचा घाम पुसला. मग शांतपणे, कुठलाही ठपका न ठेवता म्हणाला, “सांगिटलं की, ताई. तुमालाच. तुमी म्हणाला, अँबर टाका.”

ऋजुताने नाकापर्यंत आणलेले उपरण्याचे टोक खाली सोडले.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “हा उघडेल की नाही मला माहीत नाही. मी हात लावलेला नाही. मी शब्द देऊ शकत नाही.” आणि मग, इलाहीचा हात अजून बटणावर आहे हे पाहून, एकेक शब्द सुटा करून, “इलाहीभाऊ, हात काढा. मशीन लावायचं नाही.”

इलाहीने हात काढला. तो हात त्याने पँटला पुसला, दोनदा पुसला, आणि पंप बंद केला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. आत जायला त्या पुढे सरकल्या तशी ऋजुताने मान हलवून नाही म्हटले. पायऱ्यांवर पोहोचल्यावर ती तिथेच बसली. मालनने पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, “पी, ताई. आमची बँडविड्थ लई हाय, आमी थांबतो.” कोणीतरी खुदकन हसले. ऋजुताला हसू आले नाही, ती रडूही शकत नव्हती. ती पाणी प्यायली.

मी तिच्या शेजारी पायरीवर टेकले. तिथे मी याआधी कधी बसले नव्हते.

“आजोबांनी हा नियम का केला होता?” तिने विचारले.

“त्यांनी नाही केला.”

तिने माझ्याकडे पाहिले. हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते, भरतेशलाही नाही. सगळे त्याला आबांची, म्हणजे माझ्या यजमानांची, रीत म्हणत आणि मी म्हणू देत असे.

“कोल्ड स्टोअरेजच्या आधी आपला मिरजेला बर्फाचा कारखाना होता,” मी सांगितले. “तिथेही अमोनिया. बाबू नायकवडी म्हणून ऑपरेटर होता. एका सकाळी तो तुझ्या आजोबांना म्हणाला, मालक, जोडावर जरा वास येतोय. हे ऑफिसात कामात होते. म्हणाले, चालतंय की, संध्याकाळी बघू. त्या काळी असेच म्हणत. इंग्रजी नव्हते, पण त्याचा अर्थ तुमच्या पार्कचाच होता. दुपारी तो जोड सुटला. मी घरून डबा घेऊन आले होते, फाटकात होते. वायू मीही घेतला, थोडा. बाबूला बाहेर आणले तेव्हा त्याचे डोळे... असो. तो गेला. त्याचे दिवस झाल्यावर त्याची बायको अनुसया आपल्या घरी आली. पैसे मागेल, शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. तिने काही मागितले नाही. ओटीवर उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, वैनी, चालतंय म्हणून कुणी सांगितलं हुतं?”

ऋजुता ऐकत होती.

“हे आत जेवत होते. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. मीही बोलले नाही, ते नाव घेणे त्यांचे काम होते. अनुसया थोडा वेळ थांबली आणि गेली. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मी कारखान्याच्या दारात उभी राहिले. यांना म्हणाले, आज आत तुम्ही जायचे. तुम्ही बाहेर येईपर्यंत एकही माणूस आत जाणार नाही. फार रागावले. पण गेले. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी प्रत्येक जोड स्वतःच्या हाताने तपासला, आदल्या रात्री कंदील घेऊन. आणि पुढे जन्मभर.”

“त्यांना भीती वाटायची?”

“दर वर्षी. हेच उपरणे मी बांधायची, तेव्हा त्यांच्या मानेवर काटा असायचा. भीती जगातून जात नाही, ऋजुता. ती कोणाच्या तरी पोटात असतेच. ज्याने ठरवायचे त्याने ती झटकली, की ती आपली निघते आणि भिंतीपलीकडे बसलेल्यांकडे जाते. मला ती योग्य माणसाच्या पोटात ठेवायची होती, एवढेच.”

तिच्या मांडीवर फोन वाजू लागला. दामले. दहा वाजले होते. तिने फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि स्पीकर लावला. समोर मालन, बायका, भरतेश, इलाही सगळे होते.

“गुड मॉर्निंग, ऋजुता. लाइव्ह आहोत ना? स्टेटस काय?”

“मशीन बंद आहे, सर.”

“ओके. काही ब्लॉकर?”

“व्हॉल्व्ह आतून कोणी पाहिलेला नाही. तो उघडला नाही तर गॅस हॉलमध्ये जाईल. हॉलमध्ये बायका असतात. माणसं मरतील.”

पलीकडे क्षणभर शांतता होती. या माणसाशी वर्षभर बोलत होतो, पण त्याचे गप्प राहणे आम्ही प्रथमच ऐकत होतो.

“हे जरा... आपण याला हाय-इम्पॅक्ट रिस्क म्हणूया,” दामले म्हणाले. “मी ट्रॅकरवर काय टाकू? अँबर?”

“नाही सर,” ऋजुता म्हणाली. उपरण्यातले पाणी अजून तिच्या कोपरावरून पायरीवर ठिबकत होते. “मला भीती वाटते, असं टाका. आणि त्यापुढे माझं नाव टाका.”

व्हॉल्व्ह त्याच दुपारी इलाहीने खाली उतरवला आणि ऋजुताने तो स्वतः मांडीवर ठेवून सांगलीला नेला. उघडल्यावर आत काय निघाले, हे मला आजवर पुष्कळांनी विचारले आहे. मी सांगत नाही. चांगला निघाला म्हटले, तर म्हातारीने सगळ्यांचे दिवस फुकट घालवले असे म्हणतील. अडकलेला निघाला म्हटले, तर म्हातारीला दैवी ज्ञान होते म्हणतील. मला दोन्ही मान्य नाही.

सभा अजूनही दहाला भरते, ऋजुता अजूनही तीच भाषा फाडफाड बोलते, आणि तिच्यात मी आता काही खोड काढत नाही. मात्र प्रत्येक हंगामाच्या आदल्या दिवशी ती गप्प असते. उपरणे ती स्वतः भिजवते. माझी बोटे आता त्या कामाची राहिली नाहीत.

त्या दिवशी घरी परतायला मला उशीर झाला. सुनेने घाईघाईने ताट मांडले. खिडकीत अजून ऊन होते. मी जेवले.